ओटीवर कुणीच नव्हतं

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. पनवेल स्टेशनवर हार्बरची गाडी सुटायला पाच मिनिटं होती, मला खिडकी मिळाली होती, आणि सरांचा फोन आला. सर म्हणजे नवीन पनवेलमध्ये क्लास चालवणारे आमचे सर. त्यांच्या क्लासची वेबसाइट मी केली होती. "अगं, वेबसाइटवर काय लोच्या झालाय? एक पालक माझ्यासमोर बसलेत. सगळ्या मुलांचे आधार कार्ड दिसतायत म्हणे."

मी अगदी ठामपणे म्हटलं, "शक्यच नाही सर. अॅडमिनला पासवर्ड आहे."

पासवर्ड होताच. मीच ठेवला होता, चांगला लांबलचक, त्यात एक कॅपिटल आणि एक डॉलरचं चिन्ह. पण सरांनी पाठवलेली लिंक मोबाइलवर उघडली आणि पोटात खड्डा पडला. पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत 'इंडेक्स ऑफ' असं लिहिलेलं, आणि खाली एकाखाली एक दोनशेहून जास्त फाइल्स. प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, साइज. फॉर्म भरताना फाइल्सची सरमिसळ होऊ नये म्हणून मी हुशारी केली होती: फाइलचं नाव म्हणजे मुलाचं नाव आणि पालकांचा मोबाइल नंबर. त्यामुळे एकही फाइल न उघडता अख्खी यादी हातात. उघडली तर आधार, दहावीची मार्कशीट आणि उत्पन्नाचा दाखला.

त्या काकांनी काही हॅकिंग वगैरे केलं नव्हतं. मुलीचा फॉर्म नीट गेलाय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये तिच्या पीडीएफची लिंक होती, ती फोनवर उघडेना. म्हणून त्यांनी अॅड्रेसच्या शेवटचं फाइलचं नाव खोडलं आणि पुन्हा एंटर दाबलं. एवढंच. आधार दिसतंय म्हणून ते चिडले असतील असं मला वाटलं होतं. ते चिडले होते उत्पन्नाच्या दाखल्यावरून. सर कमी उत्पन्न असलेल्यांना फी माफ करतात. कुणाला माफ झाली हे वर्गात कधी सांगत नाहीत. काका मला फोनवर म्हणाले, "आम्ही किती कमावतो ते आता तिच्या वर्गातल्या कुणालाही बघता येईल ना?" मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता हे झालं कसं, ते थोडं तपशिलात सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारली तरी चालेल.

ब्राउझरमध्ये तुम्ही एखाद्या साइटचं नुसतं नाव टाकता किंवा एखाद्या फोल्डरपर्यंतचा पत्ता टाकता, तेव्हा कुठली फाइल हवी ते तुम्ही सांगितलेलंच नसतं. मग सर्व्हर स्वतःच्या सेटिंगमध्ये बघतो. अपाचीमध्ये त्या सेटिंगचं नाव 'डिरेक्टरी इंडेक्स'. तिथे नावांची रांग असते: आधी इंडेक्स डॉट एचटीएमएल, ती नसली तर इंडेक्स डॉट पीएचपी, वगैरे. रांगेतली जी फाइल त्या फोल्डरमध्ये पहिली सापडेल ती तो दाखवतो. रांगेचा क्रम महत्त्वाचा असतो. नवी कोरी पीएचपी साइट चढवली आणि तरी लोकांना जुनं 'कमिंग सून'च दिसतंय, असं ज्यांचं झालंय त्यांना तो चांगलाच ठाऊक असेल. अक्षरं लहान-मोठी असण्यानेही फरक पडतो. विंडोजच्या लॅपटॉपवर फाइलचा पहिला 'आय' कॅपिटल असला तरी सगळं सुरळीत चालतं. तेच लिनक्सच्या होस्टिंगवर चढवलं की सर्व्हर म्हणतो, या नावाची फाइल माझ्याकडे नाही.

आणि रांगेतली एकही फाइल सापडली नाही तर? तर दोनच शक्यता. यादी दाखवायची मुभा बंद असेल तर सर्व्हर '४०३ फॉरबिडन' म्हणून दार लावून घेतो. मुभा चालू असेल तर फोल्डरमध्ये जे काही आहे त्याची यादी स्वतः तयार करून तुमच्या हातात ठेवतो. वर एक 'पेरेंट डिरेक्टरी' अशी लिंकही देतो, म्हणजे आणखी वरचं बघायचं असेल तर जिनाही तयार. जुन्या पनवेलमध्ये जे थोडे वाडे उरलेत, त्यातल्या एखाद्यात तुम्ही गेलात तर आधी ओटी लागते. तिथे कुणीतरी बसलेलं असतं, 'कोण पाहिजे?' विचारतं. इंडेक्स फाइल म्हणजे ती ओटीवरची व्यक्ती. माझ्या अपलोड्सच्या फोल्डरमध्ये ओटीवर कुणीच नव्हतं आणि माजघराचं दार सताड उघडं होतं.

आता माझ्या बचावाचा मुद्दा. तोच मी त्या दिवशी सरांना ऐकवला होता: "सर, ते डिफॉल्टच तसं होतं." म्हणजे मी काही चालू केलं नाही, ते आधीपासून चालू होतं. तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. डेबियनवर अपाची बसवला की त्याच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये वेबसाइटच्या फोल्डरसाठी यादी दाखवायची मुभा दिलेली असते. एन्जिनएक्समध्ये बरोबर उलटं. तिथे 'ऑटोइंडेक्स' मुळात बंद असतं, हवं तर तुम्ही चालू करा. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसमध्येही फोल्डरची यादी मुळात बंदच. काम एकच, सर्व्हर तीन, आणि गृहीत धरलेल्या गोष्टी वेगवेगळ्या. म्हणजे डिफॉल्ट हा काही निसर्गनियम नाही. कुणीतरी, कधीतरी, त्याच्या समोरच्या परिस्थितीत घेतलेला तो निर्णय असतो.

अपाची १९९५चा. त्याच्या आधीचा एनसीएसएचा सर्व्हर १९९३चा, आणि वेब जन्मलं ते सर्नमध्ये, शास्त्रज्ञांनी एकमेकांना कागद दाखवावेत म्हणून. फोल्डर उघडला की आतलं दिसावं, हे त्या लोकांसाठी सोयीचंच होतं. लपवायला होतं काय? आजही लिनक्सच्या सॉफ्टवेअरचे मिरर बघा. सगळा कारभार 'इंडेक्स ऑफ'च्या पानांवर चालतो आणि फार छान चालतो. त्यामुळे ही सोयच वाईट, असं मी म्हणणार नाही. जाहीर करायच्या वस्तूंसाठी ती उत्तम आहे. गडबड अशी की १९९०च्या दशकातल्या प्रयोगशाळेसाठी ठीक असलेली गोष्ट आपण २०२५मध्ये एका क्लासच्या उत्पन्नाच्या दाखल्यांना लावतो, आणि लावताना एकदाही थांबून विचार करत नाही.

का करत नाही, यावर मी त्यानंतर बराच विचार केला. मला वाटतं, उत्तर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. झॅम्प टाकायचं, 'एचटीडॉक्स'मध्ये आपल्या प्रॅक्टिकल्सचा फोल्डर करायचा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे फोल्डरचं नाव. समोर येतं तेच पांढरं पान, 'इंडेक्स ऑफ'. त्यातून प्रॅक्टिकल एक, प्रॅक्टिकल दोन असं क्लिक करत जायचं. तीन वर्षं ते पान आम्ही रोज पाहिलं. ते आमच्यासाठी मेन्यूकार्ड होतं, घरचं होतं. जे पान बघून दचकायला हवं, त्याची आम्हाला पद्धतशीर सवय लावली गेली. जर्नलमध्ये त्याचे स्क्रीनशॉट चिकटवलेत आम्ही! एक्स्टर्नलनी व्हायव्हात जीईटी आणि पोस्टमधला फरक विचारला, सेशन आणि कुकीमधला फरक विचारला. 'हा फोल्डर असाच सर्व्हरवर गेला तर काय दिसेल?' असं कुणी विचारलं नाही. खरं तर हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं. विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट उघडायचा, अॅड्रेसमधलं फाइलचं नाव खोडायला लावायचं आणि म्हणायचं, आता जे दिसतंय ते समजाव. माझी मागणी आहे की हे व्हावं. नवा पेपर नको, नवा सर्टिफिकेट कोर्स नको, एवढं एकच करा.

कारण शिकून बाहेर पडलं की आम्ही पहिलं काम कुठलं करतो? बँकेचं सॉफ्टवेअर नाही करत. क्लासची, डॉक्टरांच्या दवाखान्याची, सोसायटीची, मंडळाची वेबसाइट करतो. मी सरांकडून चार हजार रुपये घेतले होते आणि फार खूश होते. पनवेल १ ऑक्टोबर २०१६ला महापालिका झालं. त्यानंतर खारघर, कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी या पट्ट्यात किती क्लास, किती लॅब, किती नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येकाला फॉर्म ऑनलाइन हवाय. प्रत्येक फॉर्मला आधारची झेरॉक्स, म्हणजे आता फोटो, जोडलेला हवाय. आणि ते करून देणारी माझ्यासारखीच कुणीतरी शेजारची मुलगी किंवा मुलगा. गावाची कागदपत्रं आमच्या हातात आहेत, आणि आम्ही 'डिफॉल्ट तसं होतं' म्हणतोय.

मजा बघा, याच पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचं 'एनएम१' डेटा सेंटर आहे. २०२०मध्ये सुरू झालं. अपटाइम इन्स्टिट्यूटचा टियर ४ दर्जा, म्हणजे त्या पद्धतीतला सगळ्यात वरचा. वीज गेली, यंत्र बिघडलं तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक गोष्टीला पर्याय तयार. अभिमान वाटावा असंच आहे. पण अशा कुठल्याही इमारतीत ठेवलेल्या सर्व्हरवर माझी ती साइट असती, तरी काकांना जे दिसलं तेच दिसलं असतं. भिंती, गार्ड आणि जनरेटर हे माझ्या एका न लिहिलेल्या ओळीची भरपाई करू शकत नाहीत.

ही माझ्या एकटीची फजिती असती तर मी लिहायला बसलेच नसते. डिसेंबर २०१६मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कुठल्याही लॉगिनशिवाय कुणालाही दिसत होते. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी त्याबद्दल लिहिलं, मग बातम्या आल्या. त्या रिपोर्टांमध्ये एचआयव्हीच्या चाचण्यांचेही होते, नावासकट. तिथेही कुणी तिजोरी फोडली नव्हती. मे २०१७मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने एक अहवाल काढला. चार सरकारी पोर्टल्सवरून मिळून साधारण १३ कोटी आधार क्रमांक उघड झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ती गोष्ट थोडी वेगळी होती, तिथे माहिती तक्त्यांमध्ये छापूनच ठेवलेली होती. पण मुळातली वृत्ती एकच: दार लावायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच नाही.

आता दुरुस्तीचं. ऐकायला सोपं आहे: 'ऑप्शन्स मायनस इंडेक्सेस' ही एक ओळ एचटीअॅक्सेस फाइलमध्ये टाकायची. मी लोकलमध्ये उभी राहून मोबाइलवरूनच टाकली (खिडकी मानसरोवरला सोडली, एका आजींना दिली). पण 'एका ओळीत काम झालं' म्हणून रील टाकणाऱ्यांवर माझा राग आहे. एक तर ती ओळ सर्व्हर ऐकेलच असं नाही. ओव्हरराइडची परवानगी बंद असेल तर एचटीअॅक्सेसकडे तो ढुंकूनही बघत नाही, आणि डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये ती बंदच असते. म्हणून ओळ टाकून झाल्यावर इनकॉग्निटोमध्ये स्वतः जाऊन बघायचं. दुसरं, यादी गेली म्हणून फाइल्स गेल्या असं नाही. ज्याच्याकडे फाइलचा पूर्ण पत्ता आहे, किंवा जो तो अंदाजाने ओळखू शकतो, त्याला ती अजूनही उघडते. आणि माझ्या फाइल्सची नावं काय होती? मुलाचं नाव आणि मोबाइल नंबर. वर्गातलं कुणीही ओळखेल.

रिकामी इंडेक्स फाइल टाकण्याचंही तसंच. वर्डप्रेसवाले हे करतात. त्यांच्या प्लगइन्स आणि थीम्सच्या फोल्डरमध्ये एक इंडेक्स फाइल असते, आत 'सायलेन्स इज गोल्डन' एवढीच कॉमेंट. ओटीवर एक मुका माणूस बसवल्यासारखं. चांगली युक्ती आहे, पण एक फोल्डर राहिला की राहिला. आणखी एक शहाणपणा मी करणार होते: रोबोट्स फाइलमध्ये 'अपलोड्सकडे येऊ नका' असं गूगलला लिहायचं. एका सीनियरने थांबवलं. म्हणाला, ती फाइल कुणीही वाचू शकतं, तू स्वतःच पाटी लावतेयस की माल या खोलीत आहे.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. कुणाची कागदपत्रं वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवायचीच नाहीत. त्याच्या बाहेर, जिथे ब्राउझरचा पत्ता पोचतच नाही अशा ठिकाणी ठेवायची, आणि लॉगिन तपासून पीएचपीने ती आणून द्यायची. नावं अशी की अंदाज करता येऊ नये. त्यासाठी मला दोन रात्री लागल्या. आणि त्याहून खरा उपाय तर कोडचाही नाही. मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला आधारची कॉपी कशाला लागते?" सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सगळे घेतात म्हणून." म्हणजे सरांचंही डिफॉल्टच! आता ते उत्पन्नाचा दाखला ऑफिसात समोर बघतात आणि परत देतात.

जे होऊन गेलं त्याचं काय, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. यादी साधारण तीन आठवडे उघडी होती. कुणी बघितलं ते लॉगवरून कळलं असतं. पण आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर फक्त एका दिवसाचा लॉग शिल्लक होता. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हे मला काकांच्या फोननंतर कळलं, हे कबूल करते. गूगलच्या सर्च कन्सोलमधून पानं काढायची विनंती केली, तीही तात्पुरतीच लागू असते, साधारण सहा महिने. सरांनी सगळ्या पालकांना मेसेज पाठवला. मी म्हटलं होतं, 'तांत्रिक अडचण' असं लिहा. सर म्हणाले, नाही, काय झालं ते लिहू. दोन पालकांनी मुलांना काढून घेतलं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा ऐकून सर हसले होते. क्लासला कुणी २५० कोटींचा दंड लावणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. कायदा मोठ्या कंपन्यांना जागं करेल. गल्लीतल्या क्लासला जागं करणार ती साइट करून देणारी व्यक्तीच. म्हणून मी वाचकांमधल्या माझ्यासारख्यांना सांगतेय: आज रात्री तुमच्या जुन्या सगळ्या साइट्स उघडा, चार हजारांच्या, दोन हजारांच्या, आणि मित्राला फुकट करून दिलेल्यासुद्धा. अॅड्रेसचं शेपूट खोडत खोडत वर जा.

ज्यांना कोडिंगशी देणंघेणं नाही त्यांनीही आपल्या क्लासच्या, सोसायटीच्या साइटवर हे करून बघायला हरकत नाही. यादी दिसली तर तिथेच थांबा. फाइल्स डाउनलोड करू नका, स्क्रीनशॉट ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. आयटी कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय डेटा उतरवून घेण्याबद्दल आहे, आणि सांगायला गेलेल्या मुलालाच 'हॅकर' ठरवण्याची आपल्याकडे हौस आहे. सरळ त्या संस्थेला कळवा. ऐकलं नाही तर सर्ट-इनला मेल करा. आणि संस्थाचालकांनो, असं सांगायला कुणी आलं तर त्याच्यावर ओरडू नका. त्या काकांवर मी पहिल्या मिनिटाला ओरडणारच होते.

काकांशी आता बरी ओळख झालीये. परवा त्यांनी त्यांच्या सोसायटीच्या साइटची लिंक पाठवली, 'जरा बघ गं' म्हणून. मी शेपूट खोडलं, यादी आली. काकांनी मला सेक्रेटरींना जोडून दिलं. ते म्हणाले, "आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. मेंबरांना जुनी मिनिट्स पटकन सापडतात." मुद्दाम ठेवलं असेल तर माझी काहीच हरकत नाही, असं मी म्हटलं, आणि विचारलं की त्याच फोल्डरमध्ये भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद कसे काय आहेत. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो."